दहा पसंतिक्रम

(दृश्य: भांडुप स्टेशन, सकाळची स्लो लोकल)

दहावीचा निकाल लागून चार दिवस झालेत. भांडुपची ही मुलगी आईबरोबर माटुंग्याला निघाली आहे. अकरावीचा अर्ज अजून भरलेला नाही. आधी कॉलेज बघून येऊ, मग नाव टाकू, असं आईचं म्हणणं. कांजूरमार्ग, विक्रोळी... घाटकोपरला गर्दी आत घुसते, तशी आई लेकीची बॅग पुढे ओढून घेते. मुलगी मोबाइलवर मिनिटं मोजतेय. दोन वर्षं रोज हे झेपेल का, ते कट-ऑफच्या यादीत लिहिलेलं नसतं.

(दृश्य: रुईया कॉलेजचं फाटक)

मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ साली ऑनलाइन झाले. त्याआधी प्रत्येक कॉलेजचा फॉर्म वेगळा. उन्हात रांगा लावून पालक थकून जायचे. पण त्या धावपळीत मुलांचं कॉलेज तरी बघून व्हायचं. आता पुष्कळ मुलं प्रवेश झाल्यावरच फाटकात पहिल्यांदा पाय ठेवतात. याची मनापासून हळहळ वाटते.

(दृश्य: घर, टेबलावर वही)

वहीत एक ते दहा आकडे, अर्जात पसंतीच्या क्रमाने टाकायच्या कॉलेजांसाठी. पहिल्या ओळीवर पेन अडलंय. मामा म्हणतो, "एवढ्या टक्क्यांत ते मिळणार नाही. पहिला नंबर फुकट जाईल."

फुकट जात नाही. तुमचे गुण पुरतात अशा कॉलेजांपैकी तुमच्या यादीत सगळ्यात वर जे असेल, ते तुम्हाला मिळतं. पहिलं हुकलं म्हणून दुसऱ्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. खरा धोका उलट बाजूला आहे. 'हे तर नक्की मिळेल' म्हणून मनात नसलेलं कॉलेज पहिलं टाकलंत आणि ते मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून वर मनातली नावं लिहा, आणि शेवटच्या तीन-चार ओळींत गेल्या वर्षीचा कट-ऑफ तुमच्या गुणांच्या बराच खाली असलेली कॉलेजं. दहाच्या दहा नावं मोठी टाकून बसू नका.

अर्जात टाकायचा कॉलेजचा कोडही नीट वाचा. एकाच कॉलेजात एकाच शाखेची अनुदानित तुकडी वेगळी, विनाअनुदानित वेगळी. इमारत तीच, पण फीमध्ये मोठा फरक. एक आकडा चुकला की घरखर्चाचं गणित कोलमडतं.

(दृश्य: सेतू केंद्र, काचेपलीकडे कागद सरकवणारा हात)

आरक्षणातून अर्ज असेल तर दाखल्यांसाठी निकालाची वाट बघू नका. नॉन-क्रिमिलेअरला, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याला, तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात. ते नववीच्या सुट्टीतच जमवायला घ्या. शाळेच्या दाखल्यावरचं आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही तेव्हाच बघा. काना-मात्रेच्या फरकापायी हेलपाटे पडतात.

(दृश्य: रात्र, पुन्हा ती वही)

मुलीला कला शाखा हवी आहे. भांडुपहून दोन स्टेशनांवर मुलुंड, तिथे वझे-केळकर. उलट्या दिशेला रुईया. पहिल्या ओळीवर ती रुईया लिहिते, दुसरीवर वझे-केळकर. आई विचारते, "गर्दीचं काय?"

"सातची लोकल पकडेन. आज बघितली ना मी."

आई वही पुढे ओढते. उरलेल्या आठ ओळींसाठी उद्या कुठे जायचं, ते दोघी ठरवायला बसतात.