होलाशोवित्से: दोनदा रिकामं झालेलं गाव

हे जे स्क्रीनवर दिसतंय ना, तो कुठल्या पिक्चरचा सेट नाहीये, खरंच माणसं राहतात इथं. होलाशोवित्से. चेकियाच्या दक्षिणेला चेस्के बुदेयोवित्से नावाचं शहर आहे, बडवायझर बिअरचं नाव ज्याच्यावरून आलं तेच, तिथून पश्चिमेला साधारण 15 किलोमीटर. वस्ती जेमतेम दीडशेच्या आत. कागदोपत्री तर हे स्वतंत्र गावही नाही, शेजारच्या यान्कोव्हच्या ग्रामपंचायतीत येतं.

आजूबाजूला सपाट, ओलसर मुलूख. जिकडे बघाल तिकडे माणसानं खोदलेली तळी, मासे पाळायला, आणि त्यातला कार्प ख्रिसमसला चेक लोकांच्या ताटात हवाच. दक्षिणेला मात्र जमीन उठते, ब्लान्स्की लेसच्या जंगलाच्या टेकड्या लागतात आणि त्यातलं सगळ्यात उंच शिखर क्लेत, 1084 मीटर.

गावाचा पहिला उल्लेख 1263 चा. 1292 मध्ये राजा दुसरा वाक्लाव्ह यानं ते विश्शी ब्रोदच्या मठाला देऊन टाकलं, आणि मग साडेपाचशे वर्षं मालक कोण, तर ते साधू.

मग आला प्लेग. 1520 ते 1525. अख्ख्या गावात दोन माणसं उरली. दोन! ज्या जागी मेलेल्यांना पुरलं तिथं नंतर स्तंभ उभारला. मठाला जमीन पडीक ठेवून परवडणार नव्हतं, कसायला माणसं हवीत, म्हणून बाहेरून आणून वसवली, बरीचशी बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून. म्हणजे गाव तेच, आखणी तीच, बोली मात्र बदलली, जर्मन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इथं 157 जर्मन आणि 19 चेक होते.

आता घरांकडे बघा. मधे साधारण 210 बाय 70 मीटरचं मोकळं मैदान, त्यात तळं, लोहाराचं दुकान आणि 1755 मधलं छोटंसं चॅपल, संत यान नेपोमुकचं. चारी बाजूंनी घरं, प्रत्येकाची त्रिकोणी माथ्याची भिंत मैदानाकडे तोंड करून. दोन भिंतींच्या मधे कमानीचं दार, आत अंगण, बाजूला गोठा, धान्याचं कोठार, पाठीमागे खळ्याची इमारत आणि तिच्यामागे शेताची लांबच लांब पट्टी. ही आखणी मध्ययुगातली, पण भिंतीवरची वेलबुट्टी नंतरची, बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. 1848 मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, ज्यात तेव्हा हा मुलूख होता, वेठबिगारी संपली, शेतकरी स्वतःच्या जमिनीचा धनी झाला, आणि हातात पैसा खेळायला लागल्यावर त्यानं काय केलं असेल तर घराचं तोंड सजवलं, वर बांधल्याचं सालही घातलं, शेजाऱ्याला दिसायला नको का! शहरातल्या चर्च आणि महालांची भरगच्च, वळणदार नक्षीची बरोक शैली गावच्या गवंड्यांनी आपल्या हिशेबानं वापरली, म्हणून याला शेतकरी बरोक म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषिकांना देशाबाहेर काढलं गेलं आणि गाव पुन्हा ओस पडलं. कम्युनिस्ट राजवटीत कितीतरी घरं नुसती पडून होती, छपरं खचत होती. हे ऐकायला कडू लागेल, पण माझ्या मते याच दुर्लक्षामुळे गाव वाचलं, कारण चार पैसे असते तर लोकांनी जुनं पाडून सिमेंटचं काहीतरी ठोकलं असतं, बाकी ठिकाणी तसंच झालंय. 1990 नंतर डागडुजी सुरू झाली आणि 1998 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.

गावाबाहेर उभ्या दगडांचं एक वर्तुळ दिसेल, पर्यटक लगेच सेल्फी काढतात, हजारो वर्षांचं असेल म्हणून. ते 2008 मधलं आहे! गावातल्याच एकानं उभं केलंय. तिथं वेळ घालवू नका, त्यापेक्षा घरांच्या मागच्या बाजूला जा, तिथल्या खळ्यांचे मोठाले दरवाजे बघा, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.