ठिसूळ हाडं आणि रक्ताचा रिपोर्ट

न्हाणीघरात पाय घसरतो, माणूस हात टेकतो आणि मनगट मोडतं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणतात, "एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं. डेक्सा करून घ्या." मणक्याची आणि खुब्याची घनता मोजणारी ही तपासणी. सुई नाही, दुखणं नाही. टी-स्कोअर, म्हणजे तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती कमी आहे ते सांगणारा आकडा. तो उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की कागदावर शब्द उमटतो, ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होणं.

पाळी गेलेल्या बाईच्या बाबतीत पुढचं सगळं मग ठरल्यासारखं होतं. वय झालं, कॅल्शियम कमी पडलं, गोळी चालू करा. रक्ताचा रिपोर्ट फाईलमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

तो रिपोर्ट बाहेर काढा, एवढंच सांगायला ही फिल्म केली आहे.

निव्वळ वयानं हाडं विरळ झाली असतील, तर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची उलाढाल वाढली की वाढणारं एक एन्झाइम) बहुधा नॉर्मलच येतात. रक्तातली पातळी ढळू नये म्हणून शरीर वेळ पडली तर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. त्यामुळे या ओळींमधला आकडा हलला असेल, तर हाडं झिजण्यामागे आणखी काही कारण आहे का, ते बघावंच लागतं. फ्रॅक्चर नुकतंच झालं असेल तर अल्कलाइन फॉस्फटेज काही काळ वाढलेलं असतं, ती गोष्ट वेगळी.

(दृश्य: रिपोर्टचा कागद. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.)

कॅल्शियम ११.२. शेजारी लॅबची मर्यादा, ८.५ ते १०.५. आकडा ठळक छापलाय. घाबरायचं नाही, आधी तपासणी पुन्हा करायची. रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळलेला राहिला तरी कॅल्शियम जास्त दिसतं. सोबत अल्ब्युमिनही बघायचं, कारण रक्तातलं बरंचसं कॅल्शियम या प्रोटीनला चिकटलेलं असतं. पुन्हा तेच आलं, तर पुढची तपासणी पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉईड हार्मोनची.

गळ्यात थायरॉईडच्या मागे साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. कॅल्शियम घसरलं की त्या पीटीएच सोडतात, वाढलं की थांबतात. कॅल्शियम वाढलेलं असूनही पीटीएच कमी होत नसेल, तर बहुतेक वेळा एखाद्या ग्रंथीत साधी गाठ झालेली असते. ती हाडांमधून कॅल्शियम खेचत राहते.

(दृश्य: जुनी जहाजं, बंदर.)

अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कप्तान होता. उंचापुरा माणूस, पण हाडं मोडत गेली, मणके दबत गेले आणि उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ साली त्याच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं सापडलं आणि आजाराचं मूळ कळलं. गळा पुन्हा पुन्हा उघडला, गाठ मिळेना. शेवटी कप्तान स्वतः शरीररचनेची पुस्तकं वाचू लागला आणि छातीत शोधा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागला. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत गाठ सापडली, ती छातीतच. तोवर मूत्रपिंडं खडे होऊन निकामी होत आली होती. सहा आठवड्यांत तो गेला.

आज हेच निदान रक्ताच्या एका नळीवर सुरू होतं. गाठ काढली की पुढच्या काही वर्षांत हाडांची घनता बऱ्यापैकी भरून येते. अशा रुग्णाला हे न तपासता नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देत राहणं, हे आम्हाला फार चुकीचं वाटतं.

आपल्याकडे याच्या उलटही दिसतं. कॅल्शियम कमी किंवा काठावर, पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, व्हिटॅमिन डी तळाला. इथे हाडं मऊ पडलेली असू शकतात. आधी डी भरून काढायचं. ते न करता हाडांची झीज थांबवणारं औषध सलाईनमधून दिलं, तर कॅल्शियम एकदम खाली येऊन हातापायांना पेटके येतात. डीची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली जाते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान. हिमोग्लोबिन कमी, ईएसआर (रक्तपेशी तळाशी बसण्याचा वेग) आणि प्रोटीन जास्त, असं चित्र असेल तर मायलोमाची, म्हणजे हाडांच्या मगजातल्या कॅन्सरची तपासणी टाळू नये.

आणि रोजचं जगणं? हाडांसाठीची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल, तर त्या दिवशी उठल्या उठल्या चहा नाही. अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत गोळी, मग अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं. आडवं झालं तर अन्ननलिका पोळते. भरलेली बादली वाकून उचलायची नाही. न्हाणीघरात दांडा बसवून घ्यायचा. हाडांची झीज थांबवणारं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, तर तारीख चुकवायची नाही. ते मध्येच सोडलं की मणके पटापट दबू शकतात.

पुढच्या भेटीला गेल्या दोन-तीन वर्षांचे रिपोर्ट तारखेनं लावून न्या. घरातल्या गोळ्यांच्या सगळ्या डब्याही पिशवीत घ्या, रक्तदाबाच्यासुद्धा. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि डॉक्टरांना ते डबी बघितल्यावरच कळेल.