नळावरचा पांढरा थर
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : नळाची तोटी, अगदी जवळून)

ही तोटी स्टीलची आहे. आता तसं वाटत नाही. तोंडाशी पांढरं कवच चढलंय आणि पाण्याची धार वाकडी पडतेय. चाकूच्या टोकानं खरवडलं, की खडूसारखी पूड तळहातावर येते. तिच्यावर लिंबू पिळलं... बघा, बुडबुडे आले. ही चुनखडी आहे. पाण्यात विरघळून वर आली आणि तोटीवर येऊन बसली.

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा, शेजारी शेजारी दोन नळ)

लातूर शहरात असे दोन नळ पुष्कळ घरांत दिसतात. एक महापालिकेचा, दुसरा बोअरचा. महापालिकेचं पाणी मांजरा धरणातून, धनेगावहून येतं, पण ते रोज येत नाही. मधल्या दिवसांत धुणं, भांडी, आंघोळ, सगळं बोअरवर.

(दृश्य : ताटात तूरडाळ, मग कुकर)

लातूरची तूरडाळ देशभर जाते. ती भरडणाऱ्या डाळमिल याच शहरात आहेत. पण वरणाला डाळ लावायची असली, की इथल्या बायका बोअरच्या नळाखाली भांडं धरत नाहीत. बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं. त्यातलं कॅल्शियम दाण्याला बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. शिट्ट्या होत राहतात आणि झाकण उघडलं, की पाणी वर, डाळ खाली, दाणा अख्खा. चिमूटभर सोडा घातला तर शिजते, पण मग वरणाला सोड्याची चव येते.

(दृश्य : दोन बाटल्या)

एका बाटलीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं. साबणाचा कीस दोन्हींत सारखाच. हलवू या. पावसाच्या पाण्यावर बुचापर्यंत फेस. बोअरच्या पाण्यात दह्यासारखे कण आणि वर मळकट साय. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. साबण आधी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी जुळतो, त्याचा साका होतो. उरला तर कपड्याच्या वाट्याला.

(दृश्य : रस्त्याकडेची खोदाई; काळी माती, मुरूम, खाली काळा पाषाण)

हे क्षार येतात कुठून? त्यासाठी या खड्ड्यात उतरावं लागतं. वर काळी माती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. खाली मुरूम. त्याखाली बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा दगड. पावसाचा थेंब ढगातून निघतो तेव्हा मऊ असतो. मातीतून झिरपताना तो कार्बन डायऑक्साइड घेतो, किंचित आंबट होतो आणि त्या आंबटपणानं दगड विरघळवत जातो. दगडातलं कॅल्शियम घेतो, मॅग्नेशियम घेतो. बसाल्ट काही स्पंजासारखा नाही. पाणी राहतं ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. तिथं ते जितकं मुरतं, तितकं जड होतं.

(दृश्य : बोअरची गाडी, धुरळा, लोखंडी रॉड)

पूर्वी आड होते, विहिरी होत्या. त्यांच्यात वरच्या थरातलं, त्याच वर्षी मुरलेलं पाणी यायचं. ते आटलं तशी गाडी बोलावली गेली. रॉडला रॉड जोडत माणसं शेकडो फूट खाली गेली. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरखालच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांखालच्या विहिरीला खोल विहीर म्हटलंय. लातुरात कुणाच्याही अंगणात उभं राहून बोअरची खोली विचारा, २०० हा आकडा फार मागे राहिलेला असतो.

(दृश्य : रेल्वेचे टँकर, २०१६ ची छायाचित्रं)

२०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. ही चित्रं देशानं पाहिली. त्याच उन्हाळ्यात गल्लोगल्ली नवी बोअर पडत होती. रेल्वे थांबली. ती बोअर मात्र आजही टाक्या भरतायत.

(दृश्य : गच्चीवरची टाकी, मग कूलर)

एक हिशोब करू. पाण्याचं काठिण्य, म्हणजे त्यातल्या या क्षारांचं प्रमाण, लिटरला ४०० मिलिग्रॅम धरलं, तर १,००० लिटरच्या या टाकीत ४०० ग्रॅम चुनखडीइतके क्षार आहेत. टाकी रोज भरा, वर्षाला जवळजवळ दीड क्विंटल. सगळं घरात साचत नाही, बरंचसं मोरीतून जातं. राहतं ते इथं : गिझरच्या कॉइलवर, सोलरच्या नळ्यांत, कूलरच्या गवतात. हे गवत हाताळून पाहिलं, काडी काडी दगडाची झालीय. मोडली की कट्कन आवाज येतो.

आरोग्याचं काय? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचं काठिण्य २०० मिलिग्रॅमपर्यंत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जड पाण्यानं मूतखडा होतो का, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं आरोग्याच्या कारणावरून काठिण्याला मर्यादा घातलेली नाही.

(दृश्य : २० लिटरचे जार वाहणारा टेम्पो, आरओची नळी मोरीत)

प्यायला जार येतात, नाहीतर भिंतीवर आरओ. एक लिटर पाणी गाळताना घरातला आरओ दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ही बारीक नळी दिवसभर मोरीत वाहतेय. ज्या शहरानं रेल्वेनं पाणी आणलं, त्या शहरात.

(दृश्य : जूनमधली दुपार, ढग, गच्चीवरून उतरणारा पाइप)

आता हा पाइप बघा. हजार चौरस फुटांची गच्ची आणि ७०० मिलिमीटर पाऊस. वाया जाणारं सोडून ५० हजार लिटरांवर पाणी. मऊ पाणी, साबणाला फेस आणणारं. बहुतेक घरांत ते पाइपातून थेट गटारात जातं. या घरानं पाइप वळवलाय. पहिल्या पावसाची धूळ बाहेर सोडायला ही चावी. मग हा ड्रम : तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, कोळसा आणि सगळ्यात वर जाड वाळू. तिथून पाणी आधी हौदात. हौद भरला की उरलेलं बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात. तिथं ते पुन्हा खडकाला भिडणार, जड होणारच. पण पातळी वर येते आणि खालचे क्षार पातळ होतात. हौदातलं मात्र जसंच्या तसं राहतं.

(दृश्य : पाऊस. पाइपातून हौदात पडणारी धार. मग तेच स्वयंपाकघर)

हौदातलं पाणी. मघाचीच तूरडाळ. सोडा घातलेला नाही.

(कुकरचं झाकण उघडतं. पळी फिरते. निवेदन नाही.)