कोण कोणत्या गटात? मानसशास्त्रीय प्रयोगांची मांडणी

पडद्यावर 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला दिसतो आहे. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग तेवढा सांगायचा, आणि तरीही जीभ अडखळते, कारण रंग ओळखण्याआधीच वाचनाची सवय पुढे धावते. जॉन रिडली स्ट्रूप यांच्या 1935 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा 100 शब्दांच्या शाईचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी 110 सेकंद लागले. तितक्याच रंगीत चौकोनांना 63 सेकंद पुरले.

हा फरक शब्दांमुळेच पडला, असे म्हणता येते ते शब्दांचा आणि चौकोनांचा असे दोन्ही तक्ते त्याच 100 विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले म्हणून. जो मुळातच सावकाश बोलतो तो दोन्हीकडे सावकाशच बोलणार, म्हणजे प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. या मांडणीला पुनरावृत्त मापन म्हणतात. तिच्यात माणसेही कमी लागतात: दोन अटींसाठी, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या दोन परिस्थितींसाठी, प्रत्येकी 20 जणांची मापने हवी असतील, तर 40 ऐवजी 20 सहभागी पुरतात.

मात्र येथे क्रमाचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या खेपेला सहभागी सरावलेला असतो किंवा थकलेला असतो, आणि कधी कधी प्रयोगाचा हेतू त्याने ओळखलेलाही असतो. म्हणून अर्ध्या लोकांना एक क्रम आणि उरलेल्यांना उलटा क्रम दिला जातो. यालाच प्रतिसंतुलन म्हणतात. दोन अटींपर्यंत हे सोपे आहे, पण चार अटींचे 24 क्रम होतात आणि पाच अटींचे 120. अशा वेळी लॅटिन चौरस उपयोगी पडतो. क, ख, ग, घ या चार अटी घ्या आणि चारच क्रम एकाखाली एक लिहा: क ख घ ग, ख ग क घ, ग घ ख क, घ क ग ख. उभ्या ओळी तपासल्या, तर प्रत्येक अट पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी एकेकदाच आलेली दिसते. शिवाय प्रत्येक अटीच्या लगेच मागोमाग इतर प्रत्येक अट नेमकी एकदाच येते. चार ओळींत इतका समतोल साधणारी ही रचना मला आजही विलक्षण वाटते.

तरीही प्रतिसंतुलनाने क्रमाचा परिणाम नाहीसा होत नाही, तो फक्त सर्व अटींवर सारखा वाटला जातो, आणि विद्यार्थ्यांना शिकवताना हा भेद ठासून सांगायला हवा. समजा, एका अटीत पाठांतराची एखादी युक्ती शिकवली आणि दुसरीत काहीच शिकवले नाही. युक्ती आधी शिकलेला माणूस ती दुसऱ्या अटीतही वापरणारच, उलट क्रमाने गेलेल्यावर मात्र तसा परिणाम होणार नाही. दोन्ही बाजूंची बेरीज-वजाबाकी मग जुळत नाही.

काही प्रश्नांना तर ही मांडणी चालतच नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली 45 विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद मात्र प्रत्येक गटासाठी वेगळे होते. गाड्या एकमेकींवर 'आदळून चक्काचूर झाल्या', असा प्रश्न ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी 40 मैलांहून थोडा अधिक वेग सांगितला, तर गाड्यांचा केवळ 'स्पर्श झाला', असे ऐकणाऱ्यांनी 31.8 मैल. एकाच माणसाला दोन्ही प्रश्न विचारले असते, तर शब्दांतला फरक त्याच्या लगेच लक्षात आला असता. म्हणून येथे नऊ-नऊ जणांचे पाच स्वतंत्र गट होते.

स्वतंत्र गटांत माणसे वेगवेगळी असल्यामुळे सारा भरवसा वाटपावर असतो. आधी आलेले एका गटात आणि उशिरा आलेले दुसऱ्या गटात घातले, तर उत्साही आणि अनुत्साही लोकांचीच तुलना होण्याचा धोका असतो. निवड संशोधकाच्या मर्जीवर न सोडता नशिबावर सोपवणे, म्हणजेच यादृच्छिकीकरण, मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे: चार्ल्स सँडर्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी 1880च्या दशकात वजनांतला सूक्ष्म फरक ओळखण्याच्या प्रयोगांत वजने कोणत्या क्रमाने द्यायची, हे पत्ते पिसून ठरवले होते.

गट लहान असले, तर मात्र नशीबही दगा देऊ शकते. अल्बर्ट बँड्युरा, डोरोथिया रॉस आणि शीला रॉस यांच्या 1961 सालच्या प्रयोगात बालवाडीच्या वयाची 72 मुले होती, आणि मोठ्यांना बाहुलीवर हल्ला करताना पाहून मुले त्यांचे अनुकरण करतात का, हा प्रश्न होता. मुळातच आक्रमक असलेली मुले योगायोगाने एकाच गटात गेली असती, तर निष्कर्षाला काहीच किंमत उरली नसती. त्यामुळे मुलांना ओळखणाऱ्या शिक्षिकेने आणि प्रयोगकर्तीने त्यांच्या आक्रमकतेचे आधीच मूल्यमापन केले, सारख्या गुणांच्या मुलांची त्रिकुटे बनवली गेली, आणि त्या तिघांपैकी कोणी आक्रमक प्रौढाला पाहायचे, कोणी शांत प्रौढाला आणि कोणी कोणालाच नाही, हे यादृच्छिक पद्धतीनेच ठरवले गेले.