डंपिंग ग्राउंडमधली मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

दहा वर्षांची एक मुलगी बालगृहात परत येते. ज्या कुटुंबाने तिला सांभाळायला नेलं होतं, त्यांनी तिला माघारी धाडलंय. आत येऊन बघते तर तिची खोली दुसऱ्याच मुलीला दिलेली, आणि जिवलग मैत्रीणही त्याच मुलीच्या गटात सामील झालेली. प्रेक्षकांना वाटतं, आता ही रडणार. ती रडत नाही, कडाकडा भांडते. त्या मुलीचं नाव ट्रेसी बीकर आणि तिच्या खोलीत राहायला आलेली जस्टिन लिटलवुड. जानेवारी 2002 मध्ये बीबीसीच्या मुलांच्या मालिकेला अशी सुरुवात झाली. 'द स्टोरी ऑफ ट्रेसी बीकर' हे त्या मालिकेचं नाव.

मुळात ही जॅकलिन विल्सन यांची 1991 सालची कादंबरी. निक शॅरट यांच्या साध्या रेघांच्या चित्रांनी सजलेली ही कादंबरी ट्रेसी स्वतःच लिहिते आहे, अशा थाटात लिहिलेली आहे. ब्रिटनमध्ये समाजसेवक अशा मुलांकडून त्यांच्या आयुष्याची वही खरोखरच करून घेतात. कुठे जन्मलो, कुठेकुठे राहिलो, कोणी सांभाळलं, हे सगळं त्यात येतं. घरं बदलत राहिलेल्या मुलाजवळ आपली हकिगत एका जागी असावी, म्हणून ही धडपड. ट्रेसी त्या वहीत खरं लिहिते आणि बिनदिक्कत थापाही मारते. आई हॉलिवूडमध्ये मोठी नटी आहे, म्हणून तिला यायला जमत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. ती थाप आहे हे आपल्याला कळतं. पण ती उघडी पाडून ट्रेसीची फजिती करण्यात विल्सनबाईंना रस नाही, आणि मला त्यांचं हेच फार मोलाचं वाटतं. त्या थापेच्या आधारानेच ट्रेसी दिवस काढते आहे.

कादंबरीत एक घड्याळ येतं. मिकी माऊसचं गजराचं घड्याळ, जस्टिनला तिच्या वडिलांनी दिलेलं. ट्रेसी ते मोडते. चूक मोठीच. पण ज्या मुलीची आई येतच नाही, तिच्या डोळ्यांसमोर दुसरीच्या उशाशी बापाची भेट टिकटिकत असते, हे लेखिका न सांगता आपल्यापर्यंत पोचवते. पुढे पीटर नावाचा एक भित्रा, किरकोळ मुलगा तो दोष स्वतःच्या अंगावर घेतो. ट्रेसी त्याला आतापर्यंत झिडकारतच आलेली असते.

इथली मुलं आपल्या घराला 'डंपिंग ग्राउंड' म्हणतात. पुढे 2013 मध्ये सुरू झालेल्या मालिकेचं नावच ते झालं. आधीची मालिका 2005 मध्ये संपली होती. 2010 मध्ये मोठी झालेली ट्रेसी 'ट्रेसी बीकर रिटर्न्स'मधून परत आली, आणि तिच्यानंतर हे 'डंपिंग ग्राउंड'. मुख्य पात्रच निघून गेल्यावर मालिका वर्षानुवर्षं चालते कशी? मला वाटतं, बालगृहाचं जगणंच तसं आहे. एखाद्याला कुटुंब मिळतं, एखादा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि आठवड्याभरात त्याच पलंगावर नवं मूल झोपायला येतं. दुसऱ्या मालिकांत लाडकं पात्र गेलं की कथेला भगदाड पडतं. इथे जाणं हीच कथा. ज्याला न्यायला कोणी आलं त्याच्या आनंदाइतकाच वेळ, दारात हात हलवत मागे राहिलेल्यांच्या चेहऱ्यांना मिळतो.

यातला गस मला विसरता येत नाही. त्याची वही आणि त्याचं वेळापत्रक सदैव त्याच्याबरोबर. ठरलेल्या वेळेला ठरलेली गोष्ट झाली नाही तर तो हवालदिल होतो. एवढ्या गजबजलेल्या घरात अशा मुलाने कसं राहायचं? बाकीची मुलं त्याच्यावर वैतागतात, आणि त्याच्यासाठी वाटही काढतात. लहानगा हॅरी आपला कापडी जिराफ, जेफ, सोडत नाही. जॉनी आणि टी हे भाऊ-बहीण. जॉनीचा मोठ्या माणसांवरचा विश्वास सावत्र बापाच्या मारहाणीने उडालेला, त्यामुळे टीच्या जवळ कोणीही आलं की तो आधी मध्ये उभा राहतो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मालिकेतलं घर मोठं आणि डझनभर मुलांचं आहे. आज इंग्लंडमध्ये अशी बरीच घरं जेमतेम चार-पाच मुलांची असतात. 2023 मध्ये तिथे 80 हजारांहून अधिक मुलं शासनाच्या देखरेखीखाली होती. त्यांतली साधारण दोन तृतीयांश फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे मुलाला काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, राहत होती. तेव्हा मालिकेतला गलका पाहून तिकडची सगळी मुलं अशीच एकत्र राहतात असं कोणी समजू नये.

कॅम ही लेखिका या घरात येते ती मुलांविषयी लेख लिहायला. ट्रेसी तिला नीट निरखते. ही बाई कोण, कशाला आली, परत येणार का? ट्रेसीलाही लेखिकाच व्हायचंय, त्यामुळे आपल्याविषयी लिहायला आलेल्या बाईपुढे ती गप्प बसणं शक्यच नाही. आपल्याकडे वाढदिवसाला बालगृहात जेवण द्यायची चांगली पद्धत आहे. मुलं ओळीने बसतात, गाणं म्हणतात, केक कापला जातो, फोटो निघतात. देणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ट्रेसीला भेटल्यापासून मला त्या ओळीतली मुलं वेगळी दिसू लागली. तीही आपल्याला निरखत असतात. पुढच्या महिन्यात यातलं कोण येईल, याचा त्यांचा अंदाज बहुधा बरोबर असतो. कॅम परत येत राहिली. अखेर ट्रेसी तिच्या घरी राहायला गेली.

मोठी झालेली ट्रेसी स्वतःच्या आयुष्यावर पुस्तक छापते, तेही कॅमचं क्रेडिट कार्ड न विचारता वापरून. ते पैसे फेडायला ती बालगृहात नोकरी धरते. लहानपणी ज्या माइकने तिला सांभाळलं, तोच आता तिचा सहकारी. मालिकेने तिला असं काम दिलं, पण बालगृहातून बाहेर पडणाऱ्या खऱ्या मुलांचं काय? इंग्लंडमध्ये आता पंचविशीपर्यंत त्यांना एक सल्लागार मागता येतो. आपल्या 2015 च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. तुमच्या जिल्ह्यात तिचा लाभ किती मुलांना मिळतो, हे जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जाऊन जरूर विचारा.

नमस्कार.