बंद यंत्रातली ताकद

खनिज प्रक्रिया कारखान्यातले अपघात म्हटलं की आपल्याला मोठ्या दुर्घटना आठवतात. २०१९च्या जानेवारीत ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्यो इथे लोहखनिजाच्या गाळाचं धरण फुटलं, कंपनीचं कॅन्टीन ऐन जेवणाच्या वेळी गाडलं गेलं, २७० माणसं गेली. पण रोजच्या अपघातांत हात नाहीतर पाय जातो तो बहुतेकदा साफसफाई करताना किंवा अडकलेला माल मोकळा करताना. त्याविषयीच मला बोलायचं आहे.

कन्व्हेयर बेल्ट घ्या. सेकंदाला दोन मीटर हा त्याचा अगदी साधा वेग. धोका कळून माणूस हात मागे घेईपर्यंत पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात बेल्ट अर्धा मीटर पुढे गेलेला असतो आणि हात पुलीत. तिथे गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं जाळीचं झाकण, का नव्हतं? कारण पुलीखाली दर पाळीत माल सांडतो आणि फावडं घालायला गार्ड आड येतो. चौकशीत ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं लिहून सगळे मोकळे होतात! चूटमधून, म्हणजे बेल्टवर माल सोडणाऱ्या घसरणीतून, तो का सांडतो, हे कुणी बघत नाही.

बरं, बेल्ट बंद करून काम केलं तर? वीज गेली तरी बेल्टला ताण देणारं वजन लटकतच असतं, आणि चढावरचा भरलेला बेल्ट उलटा घसरू शकतो. जॉ क्रशरमध्ये, म्हणजे दगड जबड्यात चिरडणाऱ्या यंत्रात, अडकलेला दगड दाबाखाली असतो. पहारीने तो सुटला की गोळीसारखा उडतो. बॉल मिल म्हणजे गोळ्यांनी माल दळणारा फिरता ड्रम. त्यातला माल आणि गोळे एका बाजूला राहिले असतील तर मोटर बंद असूनही ड्रम फिरतो. हॉपरमध्ये, म्हणजे माल साठवायच्या नरसाळ्यासारख्या टाकीत, वर माल घट्ट दिसतो, खाली पोकळी असते. त्यावर उभा राहिलेला माणूस क्षणात आत जातो.

म्हणून स्विचला कुलूप लावणं ही फक्त सुरुवात. प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्याच खिशात. मग बटण दाबून यंत्र खरंच सुरू होत नाही ना, हे पाहायचं. त्यानंतर वजन खाली टेकवायचं, बेल्ट जखडायचा, ड्रमला अडसर घालायचा. यात वेळ जातो. तो वेळ उत्पादनाच्या वेळापत्रकात आधीच धरलेला नसेल, तर सुपरवायझर घाई करणारच, आणि मग भिंतीवरच्या सुरक्षेच्या पाट्यांना काही अर्थ उरत नाही.

धुळीचं थोडक्यात सांगतो. गारगोटीची जी धूळ फुप्फुसात खोलवर जाते ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, एकदा झाला की बरा होत नाही. मास्कचा क्रम शेवटचा. आधी पाण्याचा फवारा, बंदिस्त चूट आणि धूळ ओढून घेणारे पंखे. धूळ मोजायची तर यंत्र खांबाला टांगून उपयोग नाही. ते कामगाराच्या कॉलरला, नाकाजवळ, पूर्ण पाळीभर लावा.