सहीनंतर बदललेला पोटभाडेकरार

समजा, एका व्यापारी गाळ्याचा पोटभाडेकरार, म्हणजे मूळ भाडेकरूने मालकाकडून घेतलेली जागा पुढे दुसऱ्याला (पोटभाडेकरूला) भाड्याने देण्याचा करार, नोंदणीकृत असून त्याच्या प्रत्येक पानावर दोन्ही पक्षांच्या सह्या आहेत. सहीनंतर आलेले पत्र मात्र एका ओळीचे आहे: पुढील महिन्यापासून देखभाल खर्च भाड्याव्यतिरिक्त आकारला जाईल. त्यावर फक्त मूळ भाडेकरूची सही आहे.

अशी वाढ करण्याची मुभा करारातच दिलेली नसेल, तर हे पत्र कायद्याच्या दृष्टीने केवळ प्रस्ताव ठरते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६२ नुसार करारातील बदलाला दोन्ही पक्षांची मान्यता लागते. शिवाय एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागत असल्याने, त्यातील भाड्याची किंवा मुदतीची अट तोंडी बोलण्यातून बदलली, हा दावा न्यायालयात टिकणे अवघड असते.

तरीही पोटभाडेकरू अडचणीत येतो, तो बहुधा गप्प राहिल्यामुळे. वाद नको म्हणून तो वाढीव रक्कम भरत राहतो आणि पुढे त्याच पावत्या त्याच्या संमतीचा पुरावा म्हणून दाखवल्या जातात. म्हणून ठरलेले भाडे वेळेवर भरून थकबाकीचे निमित्त मिळू देऊ नये, वाढ अमान्य असल्याचे लेखी कळवून पोच जपावी, आणि जादा रक्कम भरणे भागच पडले तर ती हरकत राखून भरल्याचे स्पष्ट नमूद करावे. कायदेशीर कारवाईविना ताबा काढून घेतल्यास स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करता येतो.

याहून नाजूक बाजू मूळ भाडेपट्ट्याची आहे, आणि तिच्याकडे फार थोडे लोक वेळीच पाहतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११५ नुसार मूळ भाडेकरूने आपला पट्टा स्वखुशीने सोडून दिला, तरी भाड्याची रक्कम वगळता मूळ पट्ट्याशी जुळणाऱ्या अटींवर आधी दिलेला पोटपट्टा त्यामुळे बाधित होत नाही. मात्र अटींच्या भंगामुळे मूळ पट्टा जप्त झाला, म्हणजे मालकाने तो संपवला, तर पोटपट्टाही सामान्यतः संपुष्टात येतो. त्यामुळे वाढीला उत्तर देतानाच मूळ भाडेपट्ट्याची आणि पोटभाड्याला मालकाने दिलेल्या लेखी परवानगीची प्रत मागून घ्यावी.